शिक्षणाचे माध्यम कोणाच्या सूचीत?

भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्र आणि घटक राज्ये यांच्यामध्ये विधिविषयक अधिकारांची जी वाटणी करण्यात आली, ती मुळात तीन सूचींतील २१० नोंदींची होती. अफूची लागवड तीत आहे, मासेमारी आहे, सोडती आहेत, पैजा आणि जुगारही आहेत. साहित्याच्या अभ्यासकाला आस्थेचे वाटावेत असे विषयही या नोंदींत विखुरलेले सापडतात. राज्याच्या ग्रंथालयांचा आणि नाट्यप्रयोगांचा विषय राज्यसूचीत आहे, चित्रपटांना प्रदर्शनाची मंजुरी देण्याचा अधिकार संघसूचीत आहे, तर वृत्तपत्रे, पुस्तके आणि मुद्रणालये समवर्ती सूचीत आहेत. म्हणजे पुस्तक छापले जात असताना ते दोघांचे, आणि सरकारी ग्रंथालयाच्या फडताळात जाऊन बसले की एकट्या राज्याचे! एवढ्या बारकाईने केलेल्या या वाटणीत 'भाषा' हा विषय मात्र स्वतंत्र नोंद म्हणून कोठेही येत नाही.

भाषेची व्यवस्था घटनेच्या सतराव्या भागात, ३४३ ते ३५१ या अनुच्छेदांत केली आहे हे खरे. परंतु तो भाग मुख्यतः राज्यकारभाराच्या आणि न्यायालयांच्या भाषेचा विचार करतो. संघाची राजभाषा कोणती, राज्याने आपली राजभाषा कशी ठरवावी, उच्च न्यायालयांचे कामकाज कोणत्या भाषेत चालावे, हे तेथे सांगितले आहे. हिंदीच्या प्रसाराचे आणि विकासाचे कर्तव्य ३५१ व्या अनुच्छेदाने संघावर टाकले आहे. इतर भाषांच्या बाबतीत असे कर्तव्य कोणावरच टाकलेले नाही. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयी भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांसाठी कराव्यात, असा ३५० क हा अनुच्छेद १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आला. त्यापुढचे शिक्षण, विशेषतः विद्यापीठातील ज्ञानव्यवहार, कोणत्या भाषेतून व्हावा आणि ते कोणी ठरवावे, याविषयी घटना मौन पाळते. संघराज्यात असे मौन फार काळ रिकामे राहत नाही. या मौनाचा अर्थ लावण्याचे काम स्वातंत्र्यानंतर पंधरा वर्षांच्या आतच न्यायालयावर आले. आणि ज्या खटल्याच्या निमित्ताने ते आले, त्याची सुरुवात योगायोगाने एका मराठी विद्यार्थ्यापासून झाली.

मुंबई राज्याची शालान्त परीक्षा मार्च १९६० मध्ये मराठी माध्यमातून उत्तीर्ण झालेला हा विद्यार्थी अहमदाबादमधील एका महाविद्यालयाच्या कला शाखेत दाखल झाला. दोनच महिन्यांनी, १ मे रोजी, मुंबई राज्याची महाराष्ट्र आणि गुजरात अशी विभागणी झाली. प्रथम वर्षी त्याला इंग्रजी माध्यमाच्या वर्गात प्रवेश मिळाला होता. पुढील वर्षी मात्र गुजरात विद्यापीठाच्या नियमांकडे बोट दाखवून तो नाकारण्यात आला. गुजराती किंवा देवनागरी लिपीतील हिंदी हेच माध्यम असावे असे विद्यापीठाने ठरविले होते, आणि ज्या काहींना इंग्रजीची सवलत होती त्यांत हा विद्यार्थी बसत नव्हता. पालकाने उच्च न्यायालयात दाद मागितली आणि तेथे निर्णय त्याच्या बाजूने लागला. विद्यापीठ व राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि सप्टेंबर १९६२ मध्ये तेथेही त्यांना अपयश आले.

या प्रकरणातील एक बारकावा सहसा दुर्लक्षिला जातो. मराठीतून शिकून आलेला हा विद्यार्थी मराठी माध्यम मागत नव्हता. ते अहमदाबादेत मिळण्यासारखे नव्हतेच. त्याची मागणी इंग्रजीची होती. दोन देशी भाषांच्या सक्तीतून सुटण्यासाठी तिसरी देशी भाषा बोलणाऱ्याने परकीय भाषेचा आसरा घ्यावा, या एका घटनेत भारतीय संघराज्याच्या भाषाप्रश्नाची सारी गुंतागुंत सामावलेली आहे. इंग्रजी टिकून राहिली ती केवळ साहेबाच्या पुण्याईने किंवा उच्चवर्गाच्या कारस्थानाने नव्हे. शेजारच्या भाषेपेक्षा दूरची भाषा कमी दुखावते, या अनुभवाचाही तिला मोठा आधार मिळाला.

न्यायालयासमोर मूळ प्रश्न अधिकाराचा होता. त्या वेळी शिक्षण हा विषय, विद्यापीठांसह, राज्यसूचीतील ११ व्या नोंदीत होता. मात्र ती नोंद संघसूचीतील ६३ ते ६६ या नोंदींच्या अधीन होती. त्यांपैकी ६६ वी नोंद उच्च शिक्षणसंस्थांतील दर्जाचा समन्वय आणि दर्जाची निश्चिती यांविषयी आहे. न्या. जे. सी. शहा यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निर्णयाचा आशय असा की, अध्यापनाच्या माध्यमाचा शिक्षणाच्या दर्जावर जेवढा प्रत्यक्ष परिणाम होतो तेवढ्यापुरता तो विषय ६६ व्या नोंदीत, म्हणजे संसदेच्या अधिकारात जातो. एखाद्या भाषेत पुरेशी पाठ्यपुस्तके नसतील, त्या भाषेतून शिकविणारे समर्थ अध्यापक नसतील, तर दर्जा खालावणार; आणि दर्जा राखण्याची जबाबदारी संघाची आहे. शिवाय विद्यापीठाच्या अधिनियमाने गुजराती-हिंदीचा वापर वाढविण्याचा अधिकार दिला असला, तरी तेच एकमेव माध्यम म्हणून लादण्याचा अधिकार दिलेला नाही, असेही न्यायालयाने ठरविले.

हा दुसरा मुद्दा एकटाच पुरेसा होता. अधिनियमाच्या शब्दांत सक्तीचा अधिकार नाही, एवढे म्हणून न्यायालय थांबले असते तर विद्यार्थ्यालाही न्याय मिळाला असता आणि राज्यांच्या अधिकारालाही धक्का लागला नसता. तसे झाले नाही. माध्यमाला दर्जाशी बांधण्यात आले, आणि दर्जा संघाच्या दावणीला असल्यामुळे माध्यमही तिकडे ओढले गेले. न्या. कोका सुब्बा राव यांनी आपल्या भिन्नमतपत्रात याच जागी बोट ठेवले आहे. माध्यम हे शिक्षणाचे अंगच आहे, ते शिक्षणापासून काढून दुसऱ्या सूचीत टाकता येत नाही, आणि दर्जाचा समन्वय करण्याचा संघाचा अधिकार माध्यम ठरविण्याच्या राज्याच्या अधिकाराला गिळून टाकण्याएवढा व्यापक नाही, अशी त्यांची भूमिका होती. पुढे १९६४ मध्ये म्हैसूर राज्यातील महाविद्यालयीन प्रवेशांसंबंधीच्या चित्रलेखा खटल्यात बहुमताचा निर्णय लिहिताना त्यांनी ६६ व्या नोंदीला आवर घालण्याचा प्रयत्न केला. राज्याच्या कायद्याने केंद्राचे क्षेत्र जवळजवळ पुसले जात असेल तरच तो कायदा बाधित व्हावा, नुसत्या स्पर्शाने नव्हे, असा त्याचा मथितार्थ आहे. अधिकारक्षेत्राच्या प्रश्नावर सुब्बा राव यांचे म्हणणे अधिक तर्कशुद्ध होते, असे आज साठ वर्षांनंतर निःसंकोचपणे म्हणावे लागते.

बहुमताच्या युक्तिवादात एक चक्र आहे. पुस्तके नाहीत म्हणून त्या भाषेतून शिकवू नये. आणि शिकविले जात नाही म्हणून पुस्तके होत नाहीत. जगातील कोणत्याही भाषेत पाठ्यपुस्तके आधी लिहून ठेवून मग विद्यार्थ्यांची वाट पाहिली गेली, असे सहसा घडलेले नाही. याला अपवाद शोधायचा तर तो भारतातच, आणि मराठी प्रदेशाला लागूनच सापडतो. हैदराबाद संस्थानातील उस्मानिया विद्यापीठाचे उर्दू माध्यमातील अध्यापन १९१८ च्या सुमारास सुरू झाले, आणि त्यासाठी अनुवादाचे स्वतंत्र खाते थोडे आधीच स्थापन करण्यात आले होते. वैद्यकापर्यंतचे शिक्षण उर्दूतून देण्याचा तो प्रयोग १९४८ पर्यंत चालला. तो यशस्वी होऊ शकला याचे कारण माध्यम ठरविणारी, पैसा देणारी आणि भाषांतरे करवून घेणारी सत्ता एकच होती. अर्थात, ती सत्ता निजामाची होती, हेही येथेच सांगितले पाहिजे. मराठवाड्यातील मराठी विद्यार्थ्याच्या दृष्टीने उर्दू ही ज्ञानभाषा झाली होती. त्याची स्वतःची भाषा झाली नव्हती. ज्या प्रयोगाचा भाषिक दृष्टीने गौरव करावा, तोच लोकसंख्येतील बहुसंख्यांच्या दृष्टीने लादणूक होता. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाचे उदाहरण याच्या उलट टोकाचे आहे. तेथे मातृभाषेतून उच्च शिक्षण देण्याचे ध्येय होते. पैसा नव्हता आणि कायद्याची मान्यताही नव्हती. ती मिळायला १९५१ उजाडले.

स्वतंत्र भारताने हे चक्र भेदण्याचा एक प्रयत्न केला, त्याचे श्रेय केंद्राला द्यायला हवे. १९६८ च्या शिक्षणविषयक धोरणानंतर प्रादेशिक भाषांतून विद्यापीठीय पुस्तके तयार करण्यासाठी प्रत्येक राज्याला १ कोटी रुपयांचे साहाय्य देण्याची योजना आली. तिच्यातून ठिकठिकाणी ग्रंथनिर्मिती मंडळे आणि ग्रंथ अकादमी उभ्या राहिल्या. महाराष्ट्रातही नागपूर येथे विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ स्थापन झाले. त्याच्या आगेमागे राज्याच्या भाषा संचालनालयाने परिभाषा कोशांची मालिका काढली. विद्वानांनी परिश्रम घेतले, काही ग्रंथ खरोखरच उत्तम झाले. पण ते वाचणार कोण? कला आणि वाणिज्य शाखांतील बराचसा विद्यार्थिवर्ग मराठीकडे वळला. विज्ञान, अभियांत्रिकी आणि वैद्यक या शाखा इंग्रजीतच राहिल्या. ज्या शाखांसाठी परिभाषा घडविली त्यांनी ती वापरली नाही, आणि ज्या शाखांतून मराठी आली तेथील विद्यार्थ्यांच्या हाती मंडळाच्या ग्रंथांऐवजी बाजारातील मार्गदर्शके, म्हणजे 'गाईडे', आली. अनुदानावाचून, परिभाषेच्या समितीवाचून आणि कोणत्याही सूचीची पर्वा न करता गाईडवाल्या प्रकाशकाने मराठीला महाविद्यालयात नेले. मात्र कोणत्या रूपात नेले हे मराठीच्या प्राध्यापकांना सांगण्याची आवश्यकता नाही.

येथे राज्यांचा दोष झाकता येत नाही. १९७६ पर्यंत शिक्षण राज्यसूचीत होते. ६६ व्या नोंदीचे सावट होते, तरी विद्यापीठांतील किमान काही विषयांत माध्यम बदलण्याचा, अध्यापकांना त्यासाठी तयार करण्याचा, स्वभाषेतील संशोधनपत्रिकांना आधार देण्याचा मार्ग मोकळा होता. १९६४ चा राजभाषा अधिनियम करणाऱ्या महाराष्ट्राने शासनव्यवहारात जेवढी चिकाटी दाखविली, तिचा अल्पांशही विद्यापीठांच्या बाबतीत दिसला नाही. भाषावार राज्याची मागणी करताना 'लोकभाषेतून ज्ञान' हा मुद्दा हिरिरीने मांडला गेला होता. राज्य मिळाल्यावर सचिवालयातील टिप्पणी मराठीत आली आणि ज्ञान पूर्वीच्याच भाषेत राहिले.

आणीबाणीच्या काळातील ४२ व्या दुरुस्तीने राज्यसूचीतील ११ वी नोंद वगळली आणि शिक्षण समवर्ती सूचीच्या २५ व्या नोंदीत घातले. हा बदल ३ जानेवारी १९७७ पासून अमलात आला. राज्यांच्या हातून एवढा मोठा विषय गेला त्याला राज्यांची संमती नव्हती, असे म्हणता येत नाही. सातव्या अनुसूचीत बदल करायचा तर ३६८ व्या अनुच्छेदानुसार किमान निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांचे अनुसमर्थन लागते, आणि ते त्या विधानमंडळांनी दिले. एक पक्ष दिल्लीत आणि तोच बहुतेक राज्यांत, अशा काळात घटनेतील हा पहारा किती जागा राहतो याचा तो दाखला आहे. पुढे १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने आणीबाणीतील अनेक बदल पुसले. शिक्षण मात्र परत राज्यसूचीत गेले नाही. राज्यांच्या स्वायत्ततेची चर्चा तमिळनाडूच्या राजमन्नार समितीच्या १९७१ च्या अहवालापासून १९८३ मध्ये नेमलेल्या सरकारिया आयोगापर्यंत होत राहिली, तरी ही एक नोंद जेथे होती तेथेच आहे.

समवर्ती सूचीचा अर्थ 'दोघांचे' असा केला जातो, तो अर्धाच खरा आहे. २५४ व्या अनुच्छेदाने संघर्षाच्या प्रसंगी संसदेचा कायदा वरचढ ठरतो. राष्ट्रपतींची अनुमती मिळालेला राज्याचा कायदा त्याला अपवाद, पण ती अनुमतीही दिल्लीहूनच यायची. शिवाय आता संसदेच्या कायद्याचीही गरज उरलेली नाही. मार्च २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरदार पटेल विद्यापीठाच्या कुलगुरूंची नेमणूक रद्द केली. राज्याच्या अधिनियमाहून विद्यापीठ अनुदान आयोगाची विनियमे श्रेष्ठ, असे त्या निर्णयाचे तत्त्व आहे. योगायोग असा की हेही प्रकरण गुजरातचेच. ज्या आयोगाची कल्पना अनुदान वाटणारी आणि दर्जाचा सल्ला देणारी संस्था म्हणून १९५६ च्या अधिनियमात मांडली गेली, त्याच्या एका अधिसूचनेपुढे लोकनियुक्त विधानसभेने मंजूर केलेला कायदा नमतो, ही स्थिती संघराज्याच्या कोणत्याही व्याख्येत सहजासहजी बसत नाही.

केंद्राने प्रत्येक वेळी कायद्याचा आधार घेतलाच पाहिजे असेही नाही, निधीही पुरतो. तमिळनाडूने १९६८ पासून द्विभाषा सूत्र स्वीकारले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाशी निगडित योजनेत सहभागी होण्याचे त्या राज्याने नाकारल्यावर समग्र शिक्षा योजनेतील आपले २,००० कोटी रुपयांहून अधिक अडवून धरले गेले, अशी त्याची तक्रार आहे, आणि २०२५ मध्ये ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. महाराष्ट्रात त्याच वर्षी घडले ते अधिक उद्बोधक आहे. १६ एप्रिल २०२५ च्या शासननिर्णयाने मराठी व इंग्रजी शाळांत पहिल्या इयत्तेपासून हिंदी ही तिसरी अनिवार्य भाषा केली. विरोध झाल्यावर १७ जूनला शब्द सौम्य करण्यात आले. आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन नवी समिती नेमण्याचे घोषित झाले. राष्ट्रीय धोरणाच्या मजकुरात कोणतीही भाषा कोणत्याही राज्यावर लादली जाणार नाही असे म्हटलेले असताना, राज्य सरकारने केंद्राच्या अपेक्षेचा अंदाज घेऊन त्याच्याही एक पाऊल पुढे टाकले. अधिकार हिरावून घेतला जातो त्यापेक्षा तो आपण होऊन ओंजळीत धरून पुढे केला जातो, हे या प्रकरणी दिसले. तो रोखला तो घटनेतील कोणत्याही नोंदीने नव्हे, मराठी समाजाने.

राज्याच्या भाषिक अधिकाराची बाजू घेताना एका मोठ्या विरोधी मताला सामोरे गेल्यावाचून गत्यंतर नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ मध्ये भाषावार प्रांत आयोगापुढे ठेवलेल्या निवेदनात संयुक्त महाराष्ट्राचे समर्थन केले; परंतु प्रांताची राजभाषा केंद्राची जी असेल तीच असावी, अशी अट घातली. १९५५ मधील भाषिक राज्यांविषयीच्या पुस्तिकेत त्यांनी ही अट घटनेतच घालावी असे सुचविले: प्रादेशिक भाषा राज्याची राजभाषा होऊ नये, राजभाषा हिंदी असावी, आणि देश त्यासाठी सिद्ध होईपर्यंत इंग्रजी. एका भाषेचे राज्य म्हणजे उद्या एक राष्ट्र, अशी त्यांना भीती होती. त्याहून खोल भीती दुसरी होती. भाषिक राज्यात संख्येने बलिष्ठ असलेली एखादी जात भाषेच्या नावावर सत्ता आपल्या हाती घेईल आणि दुर्बळांना दाद मागायला दूरची सत्ताही उरणार नाही, असे ते सांगत होते.

पहिली भीती पुढील इतिहासाने बरीचशी खोटी ठरविली. भाषावार राज्यांमुळे देश फुटला नाही. उलट भाषेची मागणी मान्य झाली तेथे असंतोष शमला. दुसरी भीती मात्र अद्याप जिवंत आहे, आणि माध्यमाच्या प्रश्नात ती विशेष जाणवते. दलित आणि ग्रामीण समाजातील पहिल्या पिढीचा विद्यार्थी जेव्हा इंग्रजी मागतो तेव्हा तो भाषेचा द्रोह करीत नसतो. मराठीतून मिळणाऱ्या शिक्षणाच्या मागे मराठीतून मिळणारी नोकरी, मराठीतले संशोधन आणि मराठीतली प्रतिष्ठा उभी नसेल, तर त्याला मराठीत राहा असे सांगण्याचा अधिकार ज्यांची मुले इंग्रजीत शिकतात त्यांना पोचत नाही. म्हणून राज्याचा माध्यमविषयक अधिकार म्हणजे सक्तीचा अधिकार, हे समीकरणच टाकून दिले पाहिजे. १९७१ मध्ये पंजाबी विद्यापीठाने संलग्न महाविद्यालयांवर पंजाबी हेच माध्यम लादले ते अल्पसंख्याकांच्या हक्कांच्या आधारे रद्द झाले. ६ मे २०१४ रोजी कर्नाटकाचे प्राथमिक शाळांतील मातृभाषेच्या सक्तीचे धोरणही सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढले. या निर्णयांनी राज्यांना दुखावले असेल. परंतु १९६२ च्या निर्णयाशी तुलना करता यांचा पाया अधिक निर्दोष आहे. यांत व्यक्तीच्या आणि अल्पसंख्याकांच्या हक्काने राज्याला अडविले, संघाच्या श्रेष्ठत्वाने नव्हे. अहमदाबादच्या त्या विद्यार्थ्याला दाद मिळायला हवी होती ती या मार्गाने. तेवढीच दाद संघसूचीच्या मार्गाने दिली गेल्यामुळे एका मुलाचा प्रश्न सुटला आणि साऱ्या भाषांचा अडला.

सक्तीवाचून अधिकार वापरता येतो याचे उदाहरण दूर शोधायला नको. मुंबई महानगरपालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ भाषांतून चालत आल्या आहेत. एका नगरसंस्थेने जे केले ते विद्यापीठांच्या पातळीवर अशक्य का मानले जावे, याचे समाधानकारक उत्तर कोणी दिलेले नाही.

आता संघाच्या स्वतःच्या अंगणाकडे पाहावे. केंद्रीय विद्यापीठे ६३ व्या नोंदीने निःशंकपणे संघाच्या अखत्यारीत आहेत. तेथे कोणत्याही राज्याचा अडथळा नाही. त्या क्षेत्रात संघाने कोणत्या भाषांसाठी विद्यापीठे काढली? हिंदीसाठी वर्ध्याचे महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय १९९७ मध्ये, उर्दूसाठी हैदराबादचे मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ १९९८ मध्ये, आणि संस्कृतसाठी २०२० मध्ये एकदम तीन. तमिळसाठी तंजावरला १९८१ मध्ये, तेलुगूसाठी हैदराबादला १९८५ मध्ये, कन्नडसाठी हंपीला १९९१ मध्ये विद्यापीठे निघाली ती त्या त्या राज्यांनी काढली. मराठीसाठी महानुभावांच्या रिद्धपूरला आता कोठे सुरुवात झाली आहे, तीही राज्याचीच. ही वाटणी कोणत्याही अनुसूचीत लिहिलेली नाही, पण ती सातव्या अनुसूचीइतकीच स्पष्ट आहे. काही भाषा संघाच्या, बाकीच्या आपापल्या राज्यांच्या. आणि ज्यांना राज्यच नाही त्यांचे काय? सिंधी १९६७ मध्ये आठव्या अनुसूचीत आली आणि तिच्यासाठी १९९४ मध्ये राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. एवढे भाग्यही राज्य नसलेल्या इतर भाषांच्या वाट्याला आलेले नाही. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेने १९६९ पासून सर्व भाषांना सारखे मानून काम केले, हा सन्माननीय अपवाद.

आठव्या अनुसूचीबाबतही अशीच विसंगती आहे. सातव्या अनुसूचीतील एक नोंद हलवायची तर निम्मी राज्ये लागतात. आठव्या अनुसूचीत एखादी भाषा घालायची तर एकाही राज्याला विचारावे लागत नाही. संसदेचे विशेष बहुमत पुरते. कोकणी, मणिपुरी आणि नेपाळी १९९२ मध्ये, बोडो, डोगरी, मैथिली आणि संथाळी २००३ च्या दुरुस्तीने आल्या. त्यासाठी निश्चित निकष मात्र आजवर ठरलेले नाहीत, यासाठी दोन समित्या होऊन गेल्या तरी. साहित्य अकादमीने या बाबतीत अधिक मोकळेपणा दाखविला: कोकणीला तिने १९७५ मध्येच मान्यता दिली, गोव्याच्या राजभाषा अधिनियमाच्या बारा वर्षे आधी, आणि राजस्थानीला आठव्या अनुसूचीची वाट न पाहता आपल्या २४ भाषांत घेतले. साहित्यसंस्थेला जे औदार्य परवडते ते राजकीय संस्थेला परवडत नाही, असे म्हणून हा प्रश्न सोडून देता येईल. पण अनुसूचीतील स्थानाशी स्पर्धापरीक्षा, अनुदाने आणि अनुवादयोजना जोडलेल्या असल्यामुळे तो निव्वळ मानाचा प्रश्न राहिलेला नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठी, पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली या भाषांना अभिजात दर्जा देण्याचे केंद्रीय मंत्रिमंडळाने ठरविले. मराठीजनांना आनंद झाला तो स्वाभाविक होता. तरी त्या दर्जाचे स्वरूप ध्यानात घ्यावे लागते: भाषा जुनी आहे याची ती पावती आहे. आज तिच्यातून रसायनशास्त्र किंवा शरीररचनाशास्त्र शिकविले जावे का, याच्याशी त्या पावतीचा संबंध नाही. २०२१ पासून वैद्यकीय प्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा १३ भाषांतून देता येते, त्यांत मराठी आहे. मराठीत प्रश्नपत्रिका सोडवून वैद्यकीय महाविद्यालयाच्या दारातून आत गेलेल्या मुलीला आत गेल्यावर मराठीतील एकही व्याख्यान मिळत नाही. मध्य प्रदेशाने ऑक्टोबर २०२२ मध्ये हिंदीतील वैद्यकीय पाठ्यपुस्तके प्रकाशित केली; अभियांत्रिकीत २०२१ मध्ये ८ राज्यांतील १४ महाविद्यालयांनी मराठीसह पाच भाषांतून अध्यापन सुरू केले. हे प्रयत्न स्वागतार्ह आहेत. परंतु अभियांत्रिकीतील अनुमती केंद्रीय परिषदेची आहे, आणि ती उद्या काढून घेतली गेली तर राज्याला काही म्हणता येईल असा आधार १९६२ पासून उरलेला नाही. तो हवा असेल तर ६६ व्या नोंदीतील 'दर्जा' या शब्दातून 'माध्यम' पुन्हा वेगळे काढावे लागेल: संसदेने विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अधिनियमात तसे स्पष्ट शब्दांत घालून, किंवा मोठ्या पीठापुढे तो जुना निर्णय पुन्हा तपासायला लावून. आणि राज्यांना ते मिळाले, तर पहिला खर्च भवनांवर नव्हे, उस्मानियाने केला तसा अनुवादकांवर करावा लागेल.